पाण्याखालचा टॉर्च कसा पारखावा: नव्या डाइव्हरसाठी

मालवणला पहिल्यांदा स्कूबाला उतरलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास जाणवते. फोटोत पाहिलेले रंग खाली कुठेच नसतात. सगळं निळसर-करडं, खडकाच्या कपारीत तर नुसता काळोख. मग बरोबरचा डाइव्ह मास्टर त्या कपारीत टॉर्च मारतो आणि तोपर्यंत राखाडी वाटणारा स्पंज एकदम लालभडक होतो, त्याच्या मागे लांबलचक मिशा हलवत बसलेली शेवंड दिसते. त्याच संध्याकाळी खोलीवर येऊन आपण मोबाइलवर टॉर्च शोधायला लागतो. तिथे दहा हजार लुमेन, शंभर टक्के वॉटरप्रूफ, तीन तास बॅटरी अशा जाहिरातींची रांगच लागते, आणि नेमका चुकीचा टॉर्च घरी येतो.

गेली काही वर्षं मी कोकणात, गोव्यात आणि अंदमानात डाइव्ह करतोय. टॉर्च घेतले, बिघडवले, मित्रांनाही घेऊन दिले. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: टॉर्चची खरी परीक्षा घरीच होते, आणि तिला लागतं ते सामान म्हणजे एक भिंत, एक बादली आणि घड्याळ. खोक्यावर छापलेला आकडा हा फक्त कंपनीचा दावा. तो कसा पडताळायचा, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: गरज आहे का ते बघा

फक्त एकदा, प्रशिक्षकाचा हात धरून उतरायचं असेल तर टॉर्च घेऊच नका. त्या वेळी श्वास आणि कान सांभाळणं हेच पुरेसं काम असतं. ओपन वॉटर हा डाइव्हिंगचा पहिला कोर्स झाला, म्हणजे १८ मीटरपर्यंत जायची मुभा मिळाली, की मग टॉर्चला अर्थ आहे.

दिवसाही टॉर्च लागतो, याचं नवख्यांना आश्चर्य वाटतं. पाणी सूर्यप्रकाशातले रंग एकेक करून गिळत जातं. आधी लाल जातो. पाचेक मीटरवरच तो विझायला लागतो. मग नारिंगी, त्यानंतर पिवळा. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे पाण्याखालचं प्रवाळाचं पठार आहे, त्याचा माथाच वीसेक मीटर खोल. तिथे पाणी कितीही नितळ असलं तरी लाल रंग वरून पोचतच नाही. टॉर्चचा उजेड मात्र हातभर अंतरावरून पडतो, त्याला गिळायला मधे पाणीच कमी असतं, म्हणून रंग परत दिसतात.

तेव्हा आधी ठरवा: दिवसा कपारी बघायला हवाय, रात्रीच्या डाइव्हला हवाय, की व्हिडिओसाठी? या तिघांचे टॉर्च वेगळे. पुढचं बरंचसं पहिल्या दोघांसाठी आहे. व्हिडिओचं थोडं मधे येईल.

दुसरी पायरी: लुमेन घरातल्या बल्बाशी ताडून बघा

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब बघा. त्याच्या खोक्यावर साधारण ८०० ते ९०० लुमेन लिहिलेलं असतं. म्हणजे हजार लुमेनचा टॉर्च हा त्या बल्बापेक्षा जरासाच जास्त उजेड देणार. दहा हजार म्हणजे असे अकरा बल्ब एका मुठीत! हे खरं असू शकतं का, हा प्रश्न इथेच पडायला हवा.

तपासायचं असं. रात्री छोट्या खोलीत बाकीचे दिवे घालवा, टॉर्च जमिनीवर उभा ठेवून झोत छताकडे करा. मोबाइलवर उजेड मोजायचं एखादं मोफत अॅप घ्या आणि फोन एका ठरलेल्या जागी ठेवून आकडा लिहून घ्या. त्याच्यावर थेट झोत पडता कामा नये. मग ज्याच्या लुमेनबद्दल तुम्हाला खात्री आहे असा एखादा टॉर्च, मित्राचा का होईना, त्याच जागी ठेवून परत मोजा. अॅपचा आकडा स्वतः अचूक नसतो, पण दोन टॉर्चांमधलं प्रमाण बऱ्यापैकी खरं सांगतो. 'दहा हजार'वाला टॉर्च हजारवाल्याच्या जेमतेम दीडपट निघाला, की काय ते समजलं.

खोक्यावर 'एएनएसआय एफएल-१' असं लिहिलेलं असलं तर थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही. टॉर्च मोजायची ही अमेरिकेत २००९ साली आलेली पद्धत. तिच्यात टॉर्च लावल्यावर निदान ३० सेकंदांनी उजेड मोजतात, त्यामुळे पहिल्या क्षणाचा भपका आकड्यात धरला जात नाही. मात्र तिच्यातले झोताचे मीटर हवेतले असतात. 'दोनशे मीटर झोत' हा आकडा पाण्यात निरुपयोगी. दोन टॉर्चांपैकी कुणाचा झोत जास्त टोकदार, एवढंच त्यावरून कळतं.

दिवसाच्या कपारींसाठी ५०० ते १००० लुमेन मला पुरतात. रात्रीसाठी हजाराच्या आसपासचा टॉर्च असला की झालं, त्याहून जास्त उजेड गढूळ पाण्यात उलट त्रासच देतो.

तिसरी पायरी: झोत भिंतीवर मोजा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ही. तितकेच लुमेन रुंद पसरवले तर मंद वाटतात, एकवटले तर भाल्यासारखे आरपार जातात. आपल्या कोकण किनाऱ्यावर पाण्यात बारीक गाळ आणि प्लवंग, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव असतात. चांगल्या दिवशी सात-आठ मीटर दिसतं, वाईट दिवशी तीनही नाही. अशा पाण्यात रुंद झोत मारला की गाळाचा प्रत्येक कण उजळून निघतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यावर होतं ना, अगदी तसंच. अरुंद झोत त्या गाळातून वाट काढतो. अंदमानच्या स्वच्छ पाण्यात हीच अडचण फारशी जाणवत नाही.

कोन मोजायला भिंतीपासून बरोबर एक मीटरवर टॉर्च धरा आणि मधल्या तेजस्वी गोलाची रुंदी टेपने मोजा. साडेदहा सेंटिमीटर आली तर झोत सुमारे ६ अंशांचा, साडेसतरा आली तर १० अंशांचा, सव्वीस आली तर १५ अंशांचा. कपारींसाठी आणि रात्री खुणा करण्यासाठी ६ ते १५ अंशांमधला झोत घ्या, बाहेरच्या बाजूला थोडा मंद उजेड सांडत असेल तर उत्तमच.

आणखी एक लक्षात ठेवा: सपाट काचेतून पाण्यात जाताना झोत आवळला जातो. हवेतले १० अंश पाण्यात साडेसातच्या आसपास येतात, १२० अंश तर ८०च्या आसपास. म्हणून व्हिडिओसाठी 'एकशेवीस अंश' वाचून घेतलेला दिवा पाण्यात फ्रेमचे कोपरे अंधारे ठेवतो. व्हिडिओवाल्यांनी एक जास्तीची तपासणी करावी. टॉर्च भिंतीवर मारून मोबाइलने चित्रण करा आणि मंद उजेडाच्या पायरीवरही बघा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा चित्रणाच्या कामाचा नाही.

चौथी पायरी: सेलचा हिशेब करा

कोकणात टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणायची सवय, त्यामुळे गोंधळ नको म्हणून इथे आतल्या बॅटरीला सेल म्हणतो. बहुतेक डाइव्ह टॉर्चांत १८६५० किंवा २१७०० हे लिथियम सेल असतात. नावातच माप आहे: पहिला १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, दुसरा २१ जाड आणि ७० लांब.

चांगल्यातल्या चांगल्या १८६५० सेलची क्षमता साडेतीन हजार एमएएचच्या (मिलिअँपिअर-तासांच्या) आसपास असते, २१७००ची पाच हजारांच्या. '९९०० एमएएच' छापलेला १८६५० दिसला तर तो टॉर्च तिथेच ठेवा. ज्याने सेलवर खोटं छापलं, त्याने लुमेनवरही छापलेलंच असणार.

आता पाचवीतलं गणित. साडेतीन अँपिअर-तास गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे साडेबारा वॉट-तास. तुमच्या ९ वॉटच्या बल्बाप्रमाणेच टॉर्चही एका वॉटला साधारण शंभर लुमेन देतो असं धरा. हजार लुमेनला १० वॉट लागले, तर एक सेल सव्वा तास चालेल. हे पटण्यासारखं आहे. दहा हजार लुमेनला १०० वॉट लागतील, आणि तोच सेल सात-आठ मिनिटांत रिकामा होईल. 'एक सेल, दहा हजार लुमेन, तीन तास' हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. एलईडी थोडी सरस निघाली तरी हिशेब थोडाच सरकतो, वीसपट नाही.

वेळ स्वतः मोजा. सेल पूर्ण चार्ज करा, टॉर्च बादलीभर पाण्यात बुडवून पूर्ण उजेडावर लावा आणि दर दहा मिनिटांनी छत किंवा भिंत बघून नोंद करा. पाण्यातच लावायचा, कारण हे टॉर्च पाण्याने गार होतील अशा बेताने बनवलेले असतात. बाहेर ते तापतात आणि स्वतःला वाचवायला उजेड उतरवतात, मग मोजणी चुकते. कंपनीचा 'तीन तास' हा बहुधा उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ असतो. तुम्हाला हवाय तो कामाचा उजेड किती वेळ टिकतो, तेवढाच आकडा. एक डाइव्ह ४५-५० मिनिटांची धरली तर सव्वा तास कामाचा उजेड मिळायलाच हवा. सेल संपत आल्याची सूचना देणारा छोटा हिरवा-लाल दिवा असेल तर तो नेमका कधी लाल होतो, तेही लिहून ठेवा. काही टॉर्च लाल झाल्यावर वीस मिनिटं देतात, काही दोनच.

विमानाने जाणार असाल तर सेल टॉर्चमधून काढा, टोकं झाकलेल्या डबीत घाला आणि हातातल्या सामानात ठेवा. सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत. आणि बॅगेतल्या कपड्यांत चुकून लागलेला टॉर्च कापड जाळण्याइतका तापू शकतो.

पाचवी पायरी: बटण

यात वेळ घालवायला नको. डोळे मिटा, हाताला साबणाचा फेस लावा आणि एका हाताने टॉर्च चालू-बंद करून बघा. जमलं नाही तर पाण्यात हातमोज्यांनिशी जमणार नाही. पुढचं डोकं फिरवून लागणारे टॉर्च स्वस्त आणि साधे असतात, पण बंद करताना जास्त फिरवलं तर ते खाली पाण्यातच उघडायची भीती. सरकणारं किंवा फिरणारं चुंबकी बटण मला आवडतं, कारण त्यासाठी टॉर्चच्या अंगाला भोक पाडावं लागत नाही. फक्त तो होकायंत्राजवळ नेऊन बघा. चुंबकाने सुई किती अंतरापासून ढळते ते समजलं की टॉर्च कुठल्या हातात धरायचा ते ठरतं. बंद स्थितीत कुलूप लावायची सोय हवी. लुकलुकणाऱ्या उजेडाच्या पायऱ्या (मोड) नसलेला टॉर्च मिळाला तर तो घ्या. पाण्याखाली भराभर हलणारा उजेड ही संकटाची खूण, आणि लुकलुकता उजेड चुकून लागला तर बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, धावत येणार.

सहावी पायरी: ओ-रिंग

समुद्र आणि सेल यांच्यामध्ये उभी असते ती एवढीशी रबरी कडी. तिला नीट भेटा.

झाकण उघडलं की खाचेत काळी, कधी केशरी, बांगडीसारखी ओ-रिंग दिसते. चांगल्या टॉर्चमध्ये अशा दोन असतात. तिला नखाने किंवा पिनेने काढू नका, दोन बोटांनी दोन बाजूंनी चिमटीत दाबा म्हणजे एका जागी फुगवटा येतो, तिथून ती अलगद सुटते. मग अंगठा आणि तर्जनीच्या मधून तिला गोल फिरवत न्या, डोळे मिटूनच. डोळ्यांना न दिसणारी चीर, चपटी झालेली जागा, अडकलेला वाळूचा कण बोटांना लागतो. खाच मऊ कापडाने पुसा. कापूस नको, त्याचे तंतू मागे राहतात. टॉर्चबरोबर आलेल्या ग्रीसचा मुगाएवढा थेंब पुरे. ओ-रिंग चकाकली पाहिजे, तिच्यावर ग्रीसचा थर दिसता कामा नये. जास्तीचं ग्रीस वाळू धरून ठेवतं. व्हॅसलीन लावू नका, काही जातींचं रबर त्याने फुगतं.

हे इतकं बारकाईने लिहितोय त्याला कारण आहे. गोव्याला ग्रांदे बेटाजवळ दोन डाइव्हच्या मधे मी होडीवरच, ओल्या हातांनी सेल बदलला. टॉवेलचा एक धागा ओ-रिंगवर आडवा बसला होता, तो मला दिसला नाही. बारा मीटरवर टॉर्चचा उजेड पिवळा झाला, मग काचेच्या आत पाण्याची रेघ हलताना दिसली. केसाएवढ्या धाग्याने पाण्याला वाट करून दिली होती. तेव्हापासून टॉर्च खोलीवर, कोरड्या हातांनीच उघडायचा हा नियम मी मोडलेला नाही.

आणि हे तर पाठच करा: आत पाणी शिरलेला टॉर्च लगेच उघडू नका. खारं पाणी आणि सेल एकत्र आले की आत वायू तयार होऊन दाब वाढतो, झाकण गोळीसारखं उडू शकतं. टॉर्च माणसांपासून लांब, उघड्यावर ठेवा, आणि उघडायची वेळ आलीच तर झाकण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या दिशेला नको.

टॉर्च पाण्यात किती खोल चालतो, तो आकडाही इथेच बघा. 'आयपीएक्स-८' म्हणजे एक मीटरहून खोल पाण्यात चालेल, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनीच ठरवते. त्यावर भिस्त ठेवू नका. दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो, १८ मीटरवर तो किनाऱ्यावरच्या २.८ पट होतो. शंभर मीटरची खोली स्पष्ट शब्दांत लिहिलेला टॉर्चच घ्या.

सातवी पायरी: बादलीतली परीक्षा

सेल काढून टाका. त्याच्या जागी कोरड्या टिश्यू पेपरची सुरळी भरा आणि झाकण नीट बंद करा. टॉर्च अर्धा तास उन्हात ठेवून चांगला गरम होऊ द्या आणि मग गार पाण्याच्या बादलीत तळाशी रात्रभर ठेवा. गरम हवा गार होताना आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढते. होडीच्या फळीवर उन्हात तापलेला टॉर्च पाण्यात उडी मारताना हेच होतं. बादलीतला दाब अगदीच कमी हे खरं. पण ओ-रिंग खोलवर दाबाने घट्ट बसते, आणि तिची ढिलाई बरेचदा उथळ पाण्यातच उघड होते. सकाळी टॉर्च पुसून कोरडा करा, मग उघडा. टिश्यूला ओलसर कड जरी दिसली तर टॉर्च परत करा.

काचेच्या आत नुसतं धुकं आलं तर लगेच घाबरू नका. कोकणातल्या दमट हवेत झाकण लावलं की तीच हवा आत अडकते आणि गार पाण्यात तिचं दव होतं. वातानुकूलित खोलीत उघडून परत बंद करा आणि पुन्हा बुडवून बघा. धुकं गेलं तर ती हवेतली ओल होती. परत आलं, किंवा खाली थेंब जमला, तर गळती आहे.

आठवी पायरी: रात्री एकटा टॉर्च चालत नाही

रात्रीच्या डाइव्हला माणशी दोन टॉर्च. दुसरा छोटा असू दे, पण त्याचीही हीच सगळी परीक्षा घ्या, आणि तो खिशात कोंबू नका. छातीवरच्या डी-रिंगला, म्हणजे पट्ट्यावरच्या इंग्रजी 'डी'च्या आकाराच्या कडीला अडकवा, म्हणजे अंधारात हात आपोआप तिथे जाईल. मुख्य टॉर्चला मनगटाचा पट्टा हवा. बहुतेक टॉर्च पाण्यात बुडतात, तरंगत नाहीत. हातातून सुटला तर शोधायचा कसा, ज्याने शोधायचा तोच गेलेला.

खुणा बडीबरोबर किनाऱ्यावरच पक्क्या करा. तळावर झोताने वर्तुळ काढलं म्हणजे सगळं ठीक. झोत सावकाश आडवा हलवला म्हणजे इकडे लक्ष दे. भराभर हलवला म्हणजे संकट. हाताची खूण करायची तर झोत आपल्याच हातावर पाडा. बडीच्या तोंडावर टॉर्च कधीही नाही. त्याचे डोळे दिपले की पुढची काही मिनिटं त्याला काही दिसत नाही. कपारीत झोपलेल्या माशांवरही तो रोखून धरू नका. झोताच्या कडेच्या मंद उजेडात ते छान दिसतात.

नववी पायरी: पहिली डाइव्ह दिवसाची, उथळ

नवा टॉर्च थेट रात्रीच्या डाइव्हला नेऊ नका. पाच-सहा मीटरच्या दिवसाच्या डाइव्हला न्या. खाली गेल्यावर तीन गोष्टी करा. हात लांब करून टॉर्च सैल धरा आणि मनगट दुखायला किती वेळ लागतो ते बघा. बटण वीस वेळा चालू-बंद करा. मग तीन मीटरवरच्या खडकावर झोत मारा आणि मधे गाळाची पांढरी भिंत उभी राहते का ते बघा.

वर आल्यावर टॉर्च बंदच ठेवून गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवा, म्हणजे झाकणाच्या आट्यांतलं आणि बटणाच्या फटीतलं मीठ सुटतं. होडीवर उघडायचा मोह टाळा. खोलीवर गेल्यावर टॉर्च कापडाने पुसा, काच खाली करून पंख्याखाली उभा ठेवा, हात कोरडे करा आणि मगच झाकण फिरवा. आटे कोरडे, ओ-रिंग चकाकती आणि सेलवर बोट फिरवल्यावर ओल नाही, असं दिसलं की सेल काढून डबीत ठेवा, आणि रात्रीच्या डाइव्हसाठी नाव द्या.